छोट्या व्यवसायासाठी कोलोकेशन: एकाच सर्व्हरसाठी घेऊ नका

कोलोकेशनमध्ये सर्व्हर तुमचा असतो. तो ठेवायची जागा, वीज, थंडावा आणि नेटची वायर डेटा सेंटरची, आणि दरमहा भाडं जातं ते या चार गोष्टींचं. दरपत्रक उघडून ते व्हीपीएसच्या (दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा भाड्याचा हिस्सा) किंवा भाड्याच्या डेडिकेटेड सर्व्हरच्या (अख्खं मशीन फक्त तुमच्यासाठी) शेजारी ठेवलं की कोलोकेशन स्वस्त दिसतं. त्या पत्रकात मशीनची किंमत नसते, सुटे भाग नसतात, आणि मदरबोर्ड गेल्यावर रात्री दोनला कोण धावणार याचा रकाना तर कोणीच छापत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. ठेवायचा सर्व्हर एकच असेल तर कोलोकेशनच्या वाटेला जाऊ नका, डेडिकेटेड भाड्याने घ्या. दोन मशीन घ्यायची ऐपत असेल, काम पुढची तीन-चार वर्षं साधारण एवढंच राहणार असेल आणि तासाभरात डेटा सेंटरला पोचणारा, सर्व्हरचं झाकण उघडायला न घाबरणारा माणूस हाताशी असेल, तर मात्र हा सौदा चांगला आहे, आणि काही कामांसाठी याला तोड नाही.

एका मशीनचा मुद्दा जरा उलगडून बघू. भाड्याच्या सर्व्हरचा बोर्ड गेला तर भाडं घेणारा त्याच्याकडच्या साठ्यातून दुसरं मशीन काढतो, तुमच्या डिस्क त्यात सरकवतो आणि चालू करून देतो. त्याच्याकडे तीच मशीन शेकड्याने पडलेली असतात, त्यामुळे हे काम काही तासांचं. कोलोकेशनमध्ये तोच बोर्ड तुमचा आहे. कंपनीची वॉरंटी ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ अशी असेल, तर ते घड्याळ फोन केल्यापासून सुरू होत नाही. आधी लॉग मागवले जातात, मग निदान होतं, मग भाग निघतो. शुक्रवारी संध्याकाळी बिघडलेलं मशीन मंगळवारी उठलं तरी वॉरंटीची अट पाळली गेली असं म्हणता येतं. या सगळ्या काळात डेटा सेंटरच्या लेखी काहीही बिघडलेलं नसतं. वीज होती, नेट होतं, भाडंही चालू आहे.

म्हणून हिशोब दोन मशीनपासून सुरू करा. दोन्ही एकाच मॉडेलची घ्या, म्हणजे एकाचे भाग दुसऱ्यात बसतात आणि एकच जादा पॉवर सप्लाय दोघांना पुरतो. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेले वेगवेगळे संगणक, चालवणारी प्रॉक्समॉक्ससारखी व्यवस्था वापरून एकावरच्या व्हर्च्युअल मशीनची प्रत दुसऱ्यावर दर पंधरा मिनिटांनी उतरवत राहा. इथे एक मेख आहे. दोन मशीनच्या क्लस्टरमध्ये (एकमेकांना जोडून चालवलेल्या गटात) एक पडलं की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही, आणि बहुमत नाही म्हणून ते व्हर्च्युअल मशीन सुरू करायला नकार देतं. ज्या प्रसंगासाठी दुसरं मशीन घेतलं त्याच प्रसंगी ते हात बांधून बसतं. त्यासाठी तिसरं मत लागतं. ते दुसरीकडच्या अगदी छोट्या व्हीपीएसवर ठेवलं तरी चालतं, मात्र हे आधी करून ठेवायचं असतं. विंडोज सर्व्हर वापरत असाल तर लायसन्स कोअरवर (प्रोसेसरमधल्या गणन-गाभ्यांवर) मोजलं जातं, एका मशीनला किमान सोळा कोअर धरून. आणि जी व्हर्च्युअल मशीन उद्या दुसरीकडे उठू शकतात त्यांच्यासाठी तिकडचंही लायसन्स लागतं. या खर्चाचा सहसा विसर पडतो.

जागा: यू मोजून भागत नाही

रॅकमधली जागा ‘यू’मध्ये मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची, आणि पूर्ण रॅक बहुतेक ठिकाणी ४२ यूचा. छोट्या ग्राहकाला एक-दोन यू, पाव रॅक किंवा अर्धा रॅक मिळतो. पाव रॅकपासून पुढे साधारणपणे स्वतःचं दार आणि स्वतःची किल्ली असते. सुट्या यूमध्ये तुम्ही इतरांच्या मशीनच्या शेजारी असता, त्यामुळे सोबत डेटा सेंटरचा माणूस असल्याशिवाय आत जाता येत नाही. त्या सोबतीचे पैसे वेगळे लागतात का, आणि रविवारी तो माणूस मिळतो का, हे विचारून घ्या.

उंचीपेक्षा खोली जास्त दगा देते. रॅकचे सर्व्हर ७० ते ८० सेंटिमीटर लांब असतात आणि मागे केबल वळायला आणखी दहा-पंधरा सेंटिमीटर लागतात. नेटवर्कच्या सामानासाठी बनवलेल्या उथळ रॅकमध्ये मागचं दार मग लागतच नाही. जुना सर्व्हर घेताना त्याच्या रेल, म्हणजे ज्यांच्यावर तो रॅकमध्ये आत-बाहेर सरकतो त्या पट्ट्या, सोबत घ्या. नंतर शोधायला गेलात तर त्या मॉडेलच्या रेल मिळता मिळत नाहीत, आणि शेल्फवर ठेवलेला सर्व्हर बाहेर ओढून उघडता येत नाही.

वीज: खरं बिल इथे आहे

दोन दरपत्रकांची तुलना करताना यूचा रकाना झाकून ठेवा आणि विजेचा बघा. ‘१ यू, १ अँपिअर’ असा सौदा असेल तर २३० व्होल्टवर तुम्हाला साधारण २३० वॅट मिळाले. जिथे १२० व्होल्ट पुरवतात तिथे त्याच एका अँपिअरचे १२० वॅटच होतात, म्हणून व्होल्ट विचारल्याशिवाय अँपिअर ऐकू नका. एका प्रोसेसरचा साधा सर्व्हर १०० ते २०० वॅटमध्ये भागवतो. दोन प्रोसेसरचा, डिस्कने भरलेला सर्व्हर भरात आला की ३०० ते ४०० वॅट सहज ओढतो. पॉवर सप्लायवर छापलेला ७५० हा आकडा त्याची मर्यादा सांगतो, तुमचा वापर सांगत नाही. तो आकडा फॉर्मवर भरून दुप्पट विजेचा करार करणारे कमी नाहीत.

खरा आकडा मोजायलाच लागतो, आणि ते सोपं आहे. प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर घ्या आणि तीन आकडे लिहून काढा: मशीन रिकामं असताना, सगळे कोअर अर्धा तास पूर्ण ताणल्यावर, आणि बटण दाबल्यापासून पहिल्या मिनिटात. तिसरा आकडा बरेच जण सोडतात. सुरू होताना पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि सगळ्या डिस्क एकदम उठतात. लाईट जाऊन आली की रॅकमधली सगळी मशीन एकाच क्षणी तेच करतात, आणि रोज निवांत चालणारा ब्रेकर त्या दिवशी पडतो.

वीज मीटरवर असेल तर हिशोब सरळ आहे. महिन्याचे ७३० तास धरा. २५० वॅटचं मशीन महिन्याला १८२.५ युनिट खातं. त्यावर डेटा सेंटर आपल्या थंडाव्याचा आणि यूपीएसचा वाटा गुणकाने चढवतं. तो गुणक किती आणि वर्षाला किती वाढू शकतो, हे करारात आकड्याने लिहून घ्या. वीज ‘राखीव’ स्वरूपाची असेल तर वापरा अगर न वापरा, पैसे तेवढेच. अशा ठिकाणी कमी वीज खाणारं नवं मशीन घेऊन बिल कमी होत नाही, करार खालच्या टप्प्यावर आणला तरच होतं.

आता ए आणि बी फीड. चांगल्या ठिकाणी दोन स्वतंत्र वाटांनी वीज येते आणि सर्व्हरच्या दोन पॉवर सप्लायपैकी एकेक दोन्हीकडे लागतो. समजा दोन्ही फीडला १० अँपिअरचे ब्रेकर आहेत आणि दोन्हीवर ६-६ अँपिअर भार आहे. मीटर बघून वाटतं, निम्म्याच्या थोडं वर, छान. यूपीएसच्या देखभालीसाठी ए फीड बंद झाली की १२ अँपिअर बीवर येतात, थोड्या वेळात बीचा ब्रेकरही पडतो आणि दोन वाटांची सोय असलेला अख्खा रॅक काळोखात जातो. दोन्ही फीडचा मिळून भार एका ब्रेकरच्या ८० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. म्हणजे १० अँपिअरच्या दोन फीडवर एकूण ८, प्रत्येकी ४. सुट्या यूमध्ये वायरी डेटा सेंटरचा माणूस लावत असेल तर मागचा फोटो मागा. दोन्ही वायरी एकाच पट्टीत खोचलेल्या सापडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं ही सेटिंग असते. ‘बंद राहा’ असं राहिलं असेल तर मध्यरात्री वीज दोन मिनिटं जाऊन आली तरी सर्व्हर सकाळपर्यंत झोपलेला सापडतो. ‘चालू हो’ करा. डिस्कवालं मशीन आधी आणि त्याच्यावर विसंबलेलं नंतर उठेल असा काही मिनिटांचा फरक ठेवा.

बँडविड्थ आणि ७२ मिनिटं

नेटचं बिल दोन तऱ्हांनी येतं. एकात महिन्याचे टेराबाइट ठरलेले असतात. दुसऱ्यात ‘पंचाण्णव टक्के’ पद्धत असते, आणि ती नीट समजली तर पैसे वाचतात. दर पाच मिनिटांनी तुमच्या पोर्टचा वेग नोंदवला जातो. ३० दिवसांच्या महिन्यात ८,६४० नोंदी होतात. त्या उतरत्या क्रमाने लावून वरच्या पाच टक्के, म्हणजे ४३२ नोंदी, टाकून देतात आणि पुढच्या नोंदीवर बिल करतात. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. दिवसाला ७२ मिनिटं.

याचा अर्थ असा. दिवसभर तुमची वाहतूक सेकंदाला २० मेगाबिटची आहे आणि रात्री बॅकअप ८०० मेगाबिटने बाहेर जातो. बॅकअप तासाभरात उरकत असेल तर महिन्याचे ३० तास झाले, ते टाकून दिलेल्या ३६ तासांत मावले आणि बिल २० मेगाबिटचंच आलं. डेटा वाढून तोच बॅकअप दोन तास चालायला लागला की ६० तास होतात आणि अख्ख्या महिन्याचं बिल ८०० मेगाबिटने लागतं. मध्ये काही पायरीच नाही. उपायही तितकाच साधा. तोच डेटा बॅकअप प्रोग्रामच्या वेगमर्यादेने १०० मेगाबिटवर आणून सोळा तास संथपणे जाऊ द्या, किंवा फक्त बदललेला भाग पाठवून काम ७२ मिनिटांच्या आत आणा. बहुतेक ठिकाणी आत येणारी आणि बाहेर जाणारी यांतली जी जास्त तिच्यावर बिल होतं, म्हणून बाहेरून आत येणारा बॅकअपही यातून सुटत नाही.

ठोकळ अंदाजासाठी एक आकडा लक्षात ठेवा: १०० मेगाबिट महिनाभर अखंड चालले तर ३२.४ टेराबाइट होतात. मोठ्या क्लाउडवर बाहेर जाणाऱ्या डेटाला गिगाबाइटच्या हिशोबाने पैसे पडतात. म्हणूनच व्हिडिओ, मोठे फोटो, नकाशे किंवा सॉफ्टवेअरच्या फायली वाटणाऱ्या धंद्याला कोलोकेशन सगळ्यात लवकर परवडतं.

आयपी पत्त्यांचं सांगायचं तर, आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्येच संपला, त्यामुळे ते मोजून-मापून मिळतात. आठ पत्त्यांचा ब्लॉक घेतला तर पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही, एक गेटवेला (बाहेरच्या नेटकडे नेणाऱ्या राउटरला) जातो, उरले पाच. डेटा सेंटर दोन राउटर जोडीने चालवत असेल तर गेटवे तीन खातो आणि हातात तीनच उरतात. पत्ते मिळाल्यावर ते काळ्या यादीत आहेत का ते आधी तपासा. मेल पाठवणार असाल तर उलटी डीएनएस नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी) कोण आणि किती दिवसांत करून देतं, हेही विचारा. आधीच्या भाडेकरूने कचरा मेल पाठवलेले असतील तर त्याचं पाप तुमच्या मेलला भोवतं. डीडॉस हल्ला (असंख्य ठिकाणांहून एकदम खोटी वाहतूक ओतून सर्व्हर ठप्प करणं) झाला तर काय करता, हा प्रश्न जरूर टाका. ‘संरक्षण आहे’ या उत्तराचा अर्थ पुष्कळदा एवढाच निघतो की तुमचा पत्ता त्यांच्या सीमेवरच बंद केला जातो. शेजारी वाचतात, तुम्ही मात्र बंद.

रिमोट हँड्स: दुसऱ्याचे हात, तुमची जबाबदारी

तुम्ही जाऊ शकत नसाल तेव्हा डेटा सेंटरचा माणूस तुमच्या सांगण्यावरून काम करतो. याचं बिल पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या तुकड्यांत होतं आणि रात्रीचा दर वेगळा असतो. बटण दाबणं, वायर बदलणं, कुठला दिवा लागलाय ते सांगणं, यांसाठी ही सेवा उत्तम. अडचण येते ती डिस्क बदलताना.

रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक संच, ज्यात एखादी मेली तरी डेटा टिकतो. रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतं, म्हणून त्यात एक डिस्क मेलेली असताना शेजारची चांगली डिस्क ओढली गेली तर सगळा संच बसतो. आणि चुकीची डिस्क ओढली जाते ती निष्काळजीपणाने असंच नाही. सॉफ्टवेअर बे (डिस्कचे खण) शून्यापासून मोजतं, माणूस एकपासून. तुम्ही ‘बे ४’ लिहिता, तो डावीकडून चौथा ओढतो, बिघडलेला असतो पाचवा. सिरीयल नंबर देऊनही फार उपयोग होत नाही, कारण तो डिस्कच्या अंगावर असतो, ट्रेच्या आत, आणि वाचायचा तर डिस्क ओढावीच लागते. म्हणून सर्व्हर रॅकमध्ये जाण्याआधी प्रत्येक ट्रेच्या पुढच्या बाजूला सिरीयलच्या शेवटच्या चार अक्षरांचं लेबल चिकटवा. मग तिकीट असं लिहिता येतं:

‘रॅक बी-०७, यू २२ आणि २३, पुढे लेबल डीबी-२. मशीनचा निळा ओळख-दिवा आत्ता चालू केला आहे. ट्रेवरचं लेबल ७के२एम, दिवा नारिंगी. लेबल आणि नारिंगी दिवा दोन्ही जुळले तरच डिस्क काढा. एखादी गोष्ट जुळली नाही तर हात न लावता फोन करा. नवी डिस्क आमच्या नावाच्या खोक्यात आहे, लेबल जादा-१. जुनी फेकू नका, त्याच खोक्यात ठेवा.’

हे लिहायला पाच मिनिटं लागतात. त्या खोक्यात काय असावं, तर त्याच आकाराच्या दोन डिस्क, एक पॉवर सप्लाय, मेमरीची एक पट्टी, एक पंखा, दोन नेटवर्क केबल. खोकं ठेवून घेतात का आणि त्याचं भाडं लावतात का, हेही विचारायचं. मोठ्या डिस्क वापरत असाल तर रेड ५ सोडा. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटच्या वेगाने पुन्हा भरायला निदान २२ तास लागतात, आणि त्या काळात काम चालू असेल तर त्याहून बरेच जास्त. तेवढा वेळ दुसरी डिस्क न जाण्याच्या भरवशावर राहायचं की रेड ६ किंवा १० घेऊन निश्चिंत व्हायचं, ते ठरवा.

बऱ्याच कामांना दुसऱ्याचे हात लागूही नयेत. सर्व्हरमधलं व्यवस्थापन कार्ड, म्हणजे डेलचं आयड्रॅक किंवा एचपीईचं आयलो, मशीन बंद असतानाही चालतं. त्यातून स्क्रीन दिसतो, बटण दाबता येतं, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकता येते. मात्र पूर्ण स्क्रीन दिसायला पुष्कळ मॉडेलवर वेगळं लायसन्स लागतं, ते नाही हे नेमकं अडचणीच्या रात्री कळतं. या कार्डाला स्वतंत्र पोर्ट द्या, आणि सार्वजनिक आयपी कधीही देऊ नका, ते व्हीपीएनच्या (नेटवरून जाणाऱ्या खासगी, कुलूपबंद वाटेच्या) आडच राहू दे. ते व्हीपीएन तुमच्याच फायरवॉलवर असेल आणि नियम बदलताना तुम्ही स्वतःलाच बाहेर कोंडलंत, तर आतली सगळी सोय आतच राहिली. व्यवस्थापनासाठी डेटा सेंटरकडून वेगळी छोटी नेट-वायर मिळते का बघा. निदान नियम बदलताना ‘दहा मिनिटांत दुजोरा दिला नाही तर जुने नियम परत लाव’ अशी सोय चालू ठेवा.

हमीचे आकडे

९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद चालतं, ९९.९९ टक्के म्हणजे सव्वाचार मिनिटं. ही हमी वीज आणि नेटची. तुमच्या सर्व्हरशी तिचा काही संबंध नाही. मोडली तर भरपाई भाड्याच्या काही भागापुरती, तीही ठरावीक दिवसांत मागितली तरच. धंद्याचं नुकसान कोणी भरून देत नाही. टिअर ३, टिअर ४ हे डेटा सेंटरच्या भरवशाचे वर्ग अपटाइम इन्स्टिट्यूट देते. त्यातही नकाशाला मिळालेलं प्रमाणपत्र वेगळं आणि बांधून झालेल्या इमारतीला मिळालेलं वेगळं. ‘टिअर ३ दर्जाचं’ असं मोघम लिहिलेलं असेल तर ते प्रमाणपत्र नव्हे.

आणि प्रमाणपत्र असलं म्हणून आग लागत नाही असं नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या आवारातली एक इमारत पूर्ण जळाली आणि शेजारच्या इमारतीलाही झळ बसली. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांच्यातल्या काहींचे बॅकअपही गेले. डेटा सेंटरने त्याच इमारतीतली बॅकअप सेवा देऊ केली तर ती डिस्क मेल्यावर उपयोगाची, पण एक प्रत दुसऱ्या शहरात हवीच. सर्व्हरचा विमाही तुम्हीच काढायचा असतो. डेटा सेंटरचा विमा त्यांच्या इमारतीचा आणि सामानाचा असतो.

हलवण्याच्या आधी

नवं मशीन ऑफिसात आठवडाभर ताणून चालवा: मेमरीची चाचणी रात्रभर, प्रत्येक डिस्कची पूर्ण वाचन-लेखन चाचणी, सगळे फर्मवेअर अद्ययावत. पहिल्या आठवड्यात मरणारे भाग टेबलावरच मरू देत. हलवण्याच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे तुमच्या साइटचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, ३०० सेकंदांवर आणा. बसवायच्या दिवशी पिंजरा-नट (रॅकच्या चौकोनी भोकांत बसणारे), रेल, दोन्ही फीडच्या वायरी आणि लेबलं सोबत न्या. खोकी बाहेरच उघडायची, कारण पुठ्ठा सर्व्हरच्या दालनात नेऊ देत नाहीत, त्याची धूळ आणि आगीचा धोका दोन्ही नको असतात. बारा डिस्कचा २ यू सर्व्हर २५ किलोच्या पुढे जातो, तो एकट्याने वर चढवू नका. बसवून झालं की निघण्याआधी ए फीडची वायर ओढून बघा, मशीन चालू राहतं का. परत लावा, दिवा हिरवा होऊ द्या, मग बी ओढा. तिथे उभं असताना ही परीक्षा फुकट होते.

कोणाला नको, कोणाला हवं

ऑफिसातला फाइल सर्व्हर उचलून कोलोकेशनला नेऊ नका. फाइल उघडताना विंडोजची फाइल वाटणी शेकडो-हजारो छोटे प्रश्न विचारते. ऑफिसच्या वायरवर प्रत्येक प्रश्नाला अर्धा मिलिसेकंद लागत असेल तर ५,००० प्रश्न अडीच सेकंदांत सुटतात. डेटा सेंटरपर्यंतचा फेरा २० मिलिसेकंदांचा असेल तर त्याच ५,००० प्रश्नांना १०० सेकंद लागतात. वायरचा वेग दहापट वाढवूनही हे बदलत नाही. फायलींवर चालणारं जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर असं लांबून चालवलं तर नुसतं रेंगाळत नाही, मधेच लाईन तुटली की डेटाही बिघडतो. ते हलवायचंच असेल तर सॉफ्टवेअर आणि डेटा दोन्ही तिकडे ठेवून लोकांना रिमोट डेस्कटॉपने काम करू द्या.

एखादी वेबसाइट, मेल, सणासुदीला दहापट गर्दी होणारं ऑनलाइन दुकान, यांनाही कोलोकेशन नको. दहापट गर्दीसाठी घेतलेलं मशीन उरलेलं वर्ष रिकामं बसून वीज खातं.

हवं ते अवजड आणि स्थिर कामाला. १६ टेराबाइटच्या बारा डिस्कचा २ यू सर्व्हर रेड ६मध्ये १६० टेराबाइट देतो. तेवढी साठवण क्लाउडवर महिन्याच्या भाड्याने घेऊन बघा, मशीनची किंमत किती लवकर वसूल होते ते कळेल. सतत चालणारी मोठी डेटाबेस, ग्राफिक कार्डांवरचं अखंड काम, कुठल्याही क्लाउडवर न मिळणारं खास कार्ड किंवा लायसन्सचा डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी मशीनला लावायची किल्ली), हीही इथलीच कामं. बेसकॅम्प हे कामांच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने ऑक्टोबर २०२२मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून त्यांचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं. ते खरंच आहे, पण त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारा पगारी चमू आधीपासून होता. पाच माणसांच्या कंपनीने त्यांच्या बचतीचा आकडा आपल्याला लावू नये.

आकडेमोड अशी करा. दोन्ही मशीनची किंमत, त्यावर सुट्या भागांचे दहा टक्के, भागिले ४८ महिने, आणि शेवटी मशीनची किंमत शून्य धरा. त्यात भाडं, वीज, नेट, क्रॉस-कनेक्टचं (डेटा सेंटरच्या आत तुमच्या रॅकपासून दुसऱ्या कंपनीच्या सामानापर्यंत ओढलेल्या वायरीचं) मासिक भाडं, विमा आणि लांबच्या बॅकअपचा खर्च मिळवा. मग माणसाचे महिन्याला सहा तास धरा, त्याच्या खऱ्या पगाराच्या दराने. ही बेरीज तेवढ्याच ताकदीच्या दोन भाड्याच्या सर्व्हरपेक्षा निदान एक तृतीयांशाने कमी येत नसेल तर या भानगडीत पडू नका. त्याहून कमी फरक पहिल्याच मोठ्या बिघाडात जातो.

करारातली सगळ्यात महाग ओळ बहुधा मुदतीच्या कलमात असते: मुदत संपण्याआधी ६० किंवा ९० दिवस लेखी कळवलं नाही तर करार पुन्हा तेवढ्याच काळासाठी आपोआप चालू. ती तारीख सही करतानाच कॅलेंडरवर टाका. बिल थकलं तर सामान अडवून ठेवण्याचा हक्क डेटा सेंटरला आहे का, ते त्याच पानावर बघा. क्रॉस-कनेक्ट पुष्कळदा वेगळ्या अर्जाने बंद करावा लागतो. सर्व्हर घरी आला तरी त्या वायरचं बिल येत राहतं. बाहेर पडताना सामानाची यादी सिरीयल नंबरांसह आधी मंजूर करून घ्यावी लागते, नाहीतर गाडी फाटकावर उभी राहते. आणि सुट्या भागांचं खोकं आठवणीने मागून घ्या. त्यातल्या काढून ठेवलेल्या जुन्या डिस्कवर तुमच्या ग्राहकांचा डेटा अजून तसाच असतो.